तरवड, कॅशिया की सेन्ना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की फोटो यायला लागतात. पिवळं फूल, मागे माळरान, आणि खाली एकच ओळ, "ताई हा तरवडच ना?" पावसाळ्यात हेच टाकळ्याबद्दल होतं आणि परीक्षेच्या दिवसांत बॉटनीची पोरं नावावरून भांडत येतात. तीच ती उत्तरं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढा बघून घ्या.

१. तरवड म्हणजे नक्की कोणतं झाड? आमच्याकडे हे नावच ऐकलेलं नाही.

झाड म्हणण्यापेक्षा झुडूप म्हणा. साधारण कमरेपासून ते दीड पुरुष उंचीपर्यंत, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेल्या, तांबूस तपकिरी सालीचं, आणि फांदीच्या टोकाला पिवळ्याधमक फुलांचे झुबके. सोलापूर, मराठवाडा, नगर, पुण्याचा पूर्व भाग, म्हणजे जिथे पाऊस कमी आणि मुरूम जास्त तिथे रस्त्याच्या कडेला, बांधावर, गायरानात हा असतोच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला नाव माहीत नसलं तर त्यात काही नवल नाही, तिथला पाऊस त्याला मानवत नाही. मूळचा आपलाच आहे, भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या भागातला, कुणी बाहेरून आणून लावलेला नाही.

२. फोटोवरून कळत नाही. पिवळी फुलं तर सगळ्यांचीच सारखी दिसतात. ओळखायचं कसं?

फुलाकडे बघूच नका, निदान आधी तरी नको. पानाकडे बघा. पान संयुक्त असतं, मधल्या दांडीवर पानोळ्यांच्या साधारण आठ ते बारा जोड्या, प्रत्येक पानोळी बोटाच्या पेराएवढी. आता पानाची दांडी जिथे फांदीला चिकटते तिथे बघा, दोन्ही बाजूंना हिरवे, गोलसर, कानाच्या पाळीसारखे दोन तुकडे दिसतील. ही उपपर्णं. बाकीच्या भाईबंदांमध्ये ती बहुतेक बारीक असतात आणि लवकर गळूनही जातात, तरवडाची मात्र पानासारखी मोठी आणि टिकून राहणारी असतात. ते कान दिसले की काम झालं.

अजून खात्री हवी असेल तर पानोळ्यांच्या प्रत्येक जोडीच्या मधे दांडीवर एक बारीक उभी ग्रंथी असते, नखाने चाचपली तर लागते. शेंग चपटी, पातळ, वाळली की कागदासारखी, वाऱ्यावर खुळखुळणारी.

मला फोटो पाठवताना लोक फुलाचा क्लोजअप पाठवतात, तोही झूम करून करून धूसर झालेला. फुलाने काही सिद्ध होत नाही हो. पानाच्या बुडाचा फोटो पाठवा.

३. नवरात्रात घटाला तरवडाचीच फुलं का लागतात?

शास्त्रार्थ सांगणारी मी नाही, पण साधं कारण डोळ्यांसमोर आहे. पाऊस सरता सरता माळावर फुकटात, भरपूर, आणि इतकं झळझळीत पिवळं दुसरं काय फुललेलं असतं? आमच्याकडे घटावर रोज एक माळ चढायची आणि माळ म्हटलं की पोरांना सकाळी तरवडाला पिटाळायचे. कळ्या जास्त आणायच्या कारण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या दोऱ्यात ओवताना चुरगळतात.

आणि ही फक्त आपली गोष्ट नाही. तेलंगणात याच झुडपाला तंगेडू म्हणतात, २०१४ मध्ये राज्य झालं तेव्हा यालाच राज्यफूल केलं. तिथला बतुकम्मा भाद्रपद अमावस्येला सुरू होतो, फुलांची उतरंड रचतात, त्यात तंगेडू लागतंच. तमिळनाडूत याला आवारम म्हणतात, पोंगलच्या आधी भोगीला कडुनिंबाच्या पाल्याबरोबर आवारमची फुलं दाराला बांधायची पद्धत काही भागांत आहे. कन्नडमध्ये आवरिके, गुजरातीत आवळ (आपला आवळा नव्हे, यावरून एकदा मोठा घोळ झालाय), सिंहलीत रणवरा, आणि संस्कृतात आवर्तकी. दख्खनच्या पठारावर उभी रेघ मारली तर रेघेवरच्या प्रत्येक भाषेत याला घरचं नाव आहे.

४. याचं सायन्टिफिक नाव काय? जुन्या पुस्तकात कॅशिया ऑरिक्युलाटा आहे आणि गुगलवर सेन्ना ऑरिक्युलाटा. बरोबर कुठलं?

आज मान्य असलेलं नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. कॅशिया ऑरिक्युलाटा हे त्याच झुडपाचं जुनं नाव, म्हणजे समानार्थी नाव. झुडूप एकच आहे, दोन वेगळ्या जाती नाहीत. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये जो मोठा ग्रंथ काढला त्यात कॅशियाच आहे, आणि आपल्या मराठीतल्या बऱ्याच पुस्तकांनी ते तसंच पुढे चालवलं. त्यामुळे घरातल्या जुन्या पुस्तकात कॅशिया दिसलं तर पुस्तक खोटं नाही, फक्त जुनं आहे.

५. मग हे नवीन नाव कोणी आणि कधी दिलं?

इथे खरी गंमत आहे. हे नवीन नाव नवीन नाहीच.

स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' काढलं, वनस्पतींच्या दोन शब्दी नावांची मोजणी तिथूनच सुरू होते. त्यात त्याने तरवडाला कॅशिया ऑरिक्युलाटा म्हटलं. त्याच्या आधी फ्रान्सच्या तूर्नफोरने कॅशिया आणि सेन्ना असे दोन वेगळे गट ठेवले होते, लिनियसने ते एकत्र करून टाकले. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, इंग्लंडचा फिलिप मिलर म्हणाला छे छे, सेन्ना वेगळाच, आणि परत वेगळा काढला. म्हणजे हे भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

तरवडाला सेन्नात नेलं विल्यम रॉक्सबर्ग यांनी. मूळचे स्कॉटिश डॉक्टर, आधी आंध्रच्या किनाऱ्यावर सामलकोटला होते (म्हणजे तंगेडू रोज बघत असणार), मग १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती बागेचे प्रमुख. ते वारले १८१५ मध्ये, पण त्यांचा 'फ्लोरा इंडिका' पूर्ण स्वरूपात १८३२ मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, नगर जिल्ह्यातलं नाही, आणि छापणारे विल्यम केरी, ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण तिथेच छापलं होतं. तर सेन्ना ऑरिक्युलाटा हे नाव १८३२ सालचं आहे. पावणेदोनशे वर्षांहून जुनं "नवीन" नाव!

मग मधे काय झालं? १८७१ मध्ये जॉर्ज बेंथम यांनी सगळ्या कॅशियांचा मोठा आढावा घेतला आणि सगळं परत एकाच कॅशियात ठेवलं. बेंथम म्हणजे त्या काळातला शेवटचा शब्द, त्यामुळे पुढची शंभरेक वर्षं जगभर कॅशियाच चाललं, कुकसाहेबांचं पुस्तकही त्यातच येतं. १९८२ मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे अर्विन आणि बार्नबी यांनी परत वाटणी केली, आता तीन गट, कॅशिया, सेन्ना आणि कॅमिक्रिस्टा, आणि या वेळी ते टिकलं. तरवडासाठी त्यांना नवीन नाव बनवावंच लागलं नाही, रॉक्सबर्गचं तयार होतं.

६. पण वेगळं करायचं कारण काय? आम्हाला तर सगळी कॅशियाच वाटतात.

फूल उलगडून बघा, शक्यतो तरवड आणि बहावा शेजारी शेजारी ठेवून. दोन्हींत दहा पुंकेसर. बहाव्यात खालचे तीन लांबलचक आणि गळासारखे वळलेले, फुलाच्या बाहेर झुलत असतात. तरवडात तसा वळलेला एकही नाही, सगळे सरळ दांडीचे, खालचे मोठे आणि वरचे तीन नुसते नावाला, त्यात पराग नसतात. शिवाय कॅशिया आणि कॅमिक्रिस्टात फुलाच्या देठावर दोन बारीक छदकं (पानासारखे इवलेसे तुकडे) असतात, सेन्नात नसतात. कॅमिक्रिस्टाची शेंग वाळली की फटकन फुटते, दोन्ही फाका पिळवटतात आणि बी उडतं, तसं बाकी दोघांत होत नाही.

एकेक फरक बघितला तर क्षुल्लक वाटेल, पण हे फरक एकत्र येतात, म्हणजे ज्यात एक आहे त्यात बाकीचेही असतात, आणि पुढे डीएनए तपासला तेव्हाही सेन्ना हा एकसंध गट म्हणूनच निघाला. मुळांचाही एक फरक आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

७. नावापुढे कंसात एल. आणि मग रॉक्सब. असं लिहितात, ते काय असतं? ते नावाचा भाग आहे का?

तो नावाचा सातबारा आहे. सेन्ना ऑरिक्युलाटा (एल.) रॉक्सब. याचा अर्थ, ऑरिक्युलाटा हा शब्द या जातीला पहिल्यांदा दिला लिनियसने (एल. म्हणजे तोच), पण दुसऱ्या वंशात (वंश म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाचा गट), आणि सध्याच्या वंशात आणून बसवलं रॉक्सबर्गने. कंसातला मूळ मालक, कंसाबाहेरचा फेरफार करणारा. कंसच नसेल तर नाव पहिल्यापासून तिथेच आहे, जसं बहाव्याचं कॅशिया फिस्टुला एल.

मूळ नावाचा दुसरा शब्द हलवताना बदलायचा नसतो, तो जुन्यात जुना असेल तोच बरोबर न्यायचा. म्हणून कॅशिया जाऊन सेन्ना आलं तरी ऑरिक्युलाटा तसंच राहिलं. सून घर बदलते तरी नाव तेच, असं मी पोरांना सांगायचे, मग एकीने विचारलं आमच्यात नावही बदलतात त्याचं काय. तिचं बरोबर होतं, उदाहरण सोडून दिलं.

रोजच्या बोलण्यात किंवा बागेतल्या पाटीवर ही शेपटी लिहायची गरज नाही. शोधनिबंधात किंवा हर्बेरियमच्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) शीटवर लिहा.

८. ऑरिक्युलाटा म्हणजे काय?

कान असलेली. प्रश्न २ मधले ते उपपर्णांचे कान आठवा, तेच. लिनियसने ओळखायची खूण नावातच ठेवून दिलीय आणि आपण मात्र फुलाचे फोटो पाठवतो. शेवटी "आटा" आहे कारण लॅटिनमध्ये कॅशिया आणि सेन्ना दोन्ही स्त्रीलिंगी. उद्या कुणी पुल्लिंगी वंशात नेलं तर ऑरिक्युलाटस होईल, तेवढा बदल चालतो, किंबहुना करावाच लागतो.

९. मी प्रोजेक्टमध्ये कॅशिया ऑरिक्युलाटा लिहिलं आणि सरांनी लाल पेन मारला. खरंच चूक आहे का?

चूक नाही, जुनं आहे. ज्याला आपण समानार्थी नाव म्हणतो ते नियमाप्रमाणे छापलेलं, वैध नावच असतं, फक्त आज ज्या वर्गीकरणाला बहुतेक लोक मानतात त्यात ते वापरात नाही. प्रोजेक्टमध्ये सेन्ना ऑरिक्युलाटा लिहा आणि पहिल्याच उल्लेखात "पूर्वीचं नाव कॅशिया ऑरिक्युलाटा" असं एकदा टाका, म्हणजे नवे जुने दोन्ही मास्तर खूश. औषधांवरचे जुने शोधनिबंध शोधायचे असतील तर दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मे हाती लागणार नाहीत.

आणि इंग्रजी लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द सगळा लहान, दोन्ही तिरपे. लाल पेन बहुतेक वेळा यासाठी असतो.

१०. मग बहावा पण सेन्ना झाला का?

नाही. बहावा कॅशिया फिस्टुला होता, आहे. कॅशियात आता फार थोड्या जाती उरल्यात, तीसेक, बहुतेक मोठी झाडं, लांब दंडगोल शेंगांची. गुलाबी फुलांचा कॅशिया जावानिकाही तिथेच. सेन्नात मात्र अडीचशेच्या वर जाती आहेत. रस्त्याकडेला लावतात तो कासिद सेन्ना सियामिया झाला, दादमर्दन सेन्ना अलाटा झाला. "कॅशिया म्हणजे आता सगळं सेन्ना" असा मेसेज फिरतो तो धरून चालू नका.

११. टाकळा, तरोटा, तरवड, सगळं एकच ना?

टाकळा आणि विदर्भातला तरोटा एकच, सेन्ना टोरा. तरवड वेगळा. टाकळा पावसाळ्यात उगवतो, गुडघाभर वाढतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. पानाला फक्त तीन जोड्या पानोळ्या, टोकाकडे रुंद होत गेलेल्या, शेंग सुरीच्या पात्यासारखी लांब बारीक. याच्याच कोवळ्या पानांची भाजी करतात, फुलं यायच्या आधी. तरवड बारमाही, लाकडी खोडाचा.

टोरा हे नाव सिंहलीतून लिनियसने उचललंय, त्याचा तरोट्याशी काही संबंध जोडू नका, कानाला जवळ वाटतं एवढंच.

आता जरा अवघड भाग. टाकळ्यासारखंच हुबेहूब दिसणारी दुसरी जात आहे, सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. बऱ्याच वर्षांपूर्वीपासून दोघांना एकच समजून लिहिलं गेलंय. टाकळ्याचा फुलाचा आणि शेंगेचा देठ आखूड, एक सेंटिमीटरच्या आत, आणि पानावर ग्रंथी सहसा खालच्या दोन जोड्यांमध्ये. दुसरीचा देठ चांगला लांब आणि ग्रंथी फक्त सगळ्यात खालच्या जोडीत. भाजीसाठी शोधत असाल तर गावातल्या बाईला विचारा, ती हे काही न मोजता सांगते.

१२. कासविंदा म्हणजे रानटी तरवडच का? बी कॉफीसारखं भाजून पितात म्हणे.

कासविंदा म्हणजे सेन्ना ऑक्सिडेंटालिस. पानोळ्या चार पाच जोड्या, टोकदार, चुरगळल्या तर घाण वास, आणि ग्रंथी पानाच्या दांडीच्या अगदी बुडाशी एकच. तरवडाचे कान नाहीत.

भाजलेल्या बियांची कॉफी काही देशांत पितात हे खरं, पण कच्चं बी विषारी आहे, इथे मी मस्करी करत नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर परिणाम, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला, नंतर डॉक्टरांनी शोधून काढलं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. गुरांनाही या बियांनी स्नायूंचा त्रास होतो. अंगणात असेल आणि घरात लहान पोरं असतील तर उपटा. भाजीत टाकळा समजून हा येऊ देऊ नका.

१३. तरवडाच्या फुलांचा चहा प्यायला तर डायबेटिस बरा होतो का?

बरा होतो असं कुणी म्हणत असेल तर ते विकायला बसलेत असं समजा. आयुर्वेदात आणि सिद्ध वैद्यकात मधुमेहावर याचा वापर जुना आहे, श्रीलंकेत रणवराचा चहा सर्रास पितात, तमिळमध्ये तर म्हणच आहे की आवारम फुललेलं असताना मेलेला कुणी पाहिलाय का. प्रयोगशाळेत उंदरांवर फुलांच्या अर्काने साखर कमी झालेली दिसलीय. पण उंदीर आणि तुमचे वडील यात फरक आहे. आणि खरोखरच साखर उतरत असेल तर गोळ्या चालू असताना वरून हा चहा घेतला तर ती जास्त उतरेल, हाही विचार करा. डॉक्टरांना सांगून घ्या, गोळी परस्पर बंद करू नका.

माझ्या नात्यातल्या एकांनी मेसेज वाचून "तरवड" म्हणून दुसऱ्याच झाडाची फुलं दोन आठवडे उकळून प्यायली. काही झालं नाही, नशीब. प्रश्न २१ त्यांच्यामुळेच आहे.

१४. चामडं कमवायला साल वापरायचे, ते हेच का?

हेच. सालीत टॅनिन भरपूर असतं, ते कातडीतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून कातडी कुजत नाही, चामडं होतं. दक्षिण भारतात आवारम साल हा या धंद्याचा कणाच होता, तिथून अर्धवट कमावलेली कातडी इंग्लंडला जायची. इंग्रजीतलं याचं एक नावच कातडी कमावणाऱ्याचा कॅशिया असं आहे. साल सोलायची म्हणजे झुडूप छाटायचं, माल गोळा करायला माणसं लागायची, मग दक्षिण आफ्रिकेहून वॉटल नावाच्या झाडाची साल आली आणि नंतर क्रोमियमच्या क्षारांनी कमावणं आलं, तसा हा मागे पडला.

१५. बागेत लावायचा आहे, नर्सरीत मिळत नाही. बी कसं रुजवायचं?

वाळलेल्या शेंगा गोळा करा, बी काढा. बियांचं कवच कडक असतं, तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहील. उकळून गॅस बंद केलेल्या पाण्यात टाकायचं आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, सकाळी जे फुगलेत ते पेरायचे. जूनमध्ये थेट जागेवर पेरलं तर उत्तम, कारण सोटमूळ लवकर खोल जातं आणि पिशवीतून हलवताना तुटलं तर रोप रुसतं. ऊन पूर्ण हवं, माती हलकी, मुरमाड चालेल, आणि पाणी, कृपा करून, कमी. काळजी घेऊन घेऊन मेलेले तरवड मी बघितलेत.

नर्सरीत तरवड म्हणून सेन्ना सुरॅटेन्सिस गळ्यात मारतात, मलाही एकदा मारलाय. दिसायला छान आहे, नावही आपल्या सुरतेवरून पडलंय, पण कान बघा, नसतात. अमेरिकेकडून आलेला स्पेक्टॅबिलिस मात्र अजिबात लावू नका, वायनाड आणि निलगिरीच्या जंगलात त्याने काय करून ठेवलंय ते वाचा.

गुरं शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलं तरी चालतं. (चराई जास्त झालेल्या माळावर शेवटी तरवडच उरलेला दिसतो तो यामुळेच.) मॉटल्ड एमिग्रंट नावाच्या फुलपाखराच्या अळ्या पानं खातील, खाऊ द्या, परत फुटतात. आणि मोठा काळा भुंगा फुलाला लटकून गुंगुं करताना दिसेल, तो मध शोधत नाही, फुलात मध नसतोच. परागकोश टोकाशी बारीक भोकाने उघडतात, भुंगा अंग थरथरवून मिठाच्या डबीसारखे पराग झाडून घेतो.

१६. शेंगवर्गीय आहे म्हणजे जमिनीत नायट्रोजन साठवणार ना? बांधावर लावला तर खत वाचेल?

सगळ्यांना वाटतं तसं, पण नाही. हरभरा, तूर, ताग यांच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी येतात, त्या नायट्रोजन धरतात. सेन्नाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. बहाव्यालाही नाहीत. कॅमिक्रिस्टाला मात्र येतात, म्हणजे १९८२ ची वाटणी नुसत्या पुंकेसरांवर नव्हती असं म्हणायला जागा आहे.

तरीही तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून भातशेतीत आणि खारवट जमिनीत घालतात, ते ठीकच आहे, कुजलेला पाला कुठलाही चांगलाच. फक्त तो जमिनीतून घेतलेलंच परत देतो, हवेतलं आणत नाही.

१७. फॅमिली कोणती लिहायची? कुणी लेग्युमिनोसी म्हणतं, कुणी फॅबेसी, कुणी सिसॅल्पिनिएसी.

लेग्युमिनोसी आणि फॅबेसी एकाच कुळाची दोन्ही मान्य नावं आहेत. नियमात काही जुन्या कुळांना अशी सवलत दिलीय, कुठलंही लिहा, पण एका निबंधात एकच. सिसॅल्पिनिएसी हे जुन्या पुस्तकांत स्वतंत्र कूळ होतं, आता ते त्याच कुळातलं उपकूळ, सिसॅल्पिनिऑइडी. २०१७ मध्ये या कुळाची सहा उपकुळं केली तेव्हा बाभूळ, शमी यांचा पूर्वीचा वेगळा गटही याच उपकुळात घातला. म्हणजे तरवड आणि बाभूळ कागदावर जवळ आले, माळावर तर होतेच.

फुलपाखरासारखं फूल असेल, जसं तागाचं किंवा वाटाण्याचं, तर ते वेगळं उपकूळ.

१८. सोनामुखी पण सेन्नाच ना? मग तिचं नाव सेन्ना सेन्ना का नाही?

हा प्रश्न आला त्या दिवशी मी खूश झाले होते. लिनियसने सोनामुखीला कॅशिया सेन्ना म्हटलं होतं. प्रश्न ७ चा नियम लावला तर दुसरा शब्द तसाच न्यायचा, म्हणजे सेन्ना सेन्ना व्हायला हवं. पण वनस्पतींच्या नियमात दोन्ही शब्द अगदी सारखे असलेलं नाव चालत नाही. प्राण्यांत चालतं, बायसन बायसन आहेच, वनस्पतींत नाही. म्हणून पुढचं उपलब्ध नाव घ्यावं लागलं, मिलरने १७६८ मध्ये दिलेलं सेन्ना अलेक्झांड्रिना, अलेक्झांड्रियाच्या बंदरातून हा माल युरोपात जायचा म्हणून. दुकानातल्या पुड्यांवर अजून कॅशिया अँगुस्टिफोलिया छापतात, तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे पिकते तीच ही, वेगळी जात नाही.

तरवडाची पानं सोनामुखी म्हणून घेऊ नका आणि सोनामुखीही रोज घेऊ नका, ती रेचक आहे, आतड्याला सवय लागते.

१९. दालचिनीच्या पाकिटावर कॅशिया लिहिलंय. ती बहाव्याची किंवा तरवडाची साल असते का?

नाही नाही. ती सिनॅमोमम कॅशिया, चिनी दालचिनी, तमालपत्राच्या कुळातली. तिथे कॅशिया हा जातीचा शब्द आहे, वंशाचा नाही, नाव सारखं आणि नातं शून्य. उलट उदाहरणही आहे, कॅट फूडच्या डब्यावर कॅशिया गम लिहिलेलं असतं, ई-४२७, तो टाकळ्याच्या आणि त्याच्या जुळ्या भावाच्या (प्रश्न ११) बियांचा डिंक. झाड सेन्नात गेलं, डिंकाचं नाव मात्र कॅशियाच राहिलं, कारण वनस्पतीशास्त्राचे नियम बाजारातल्या नावांना लागू नाहीत.

२०. उद्या परत नाव बदललं तर? पाठ तरी कशाला करायचं?

बदलू शकतं. सायन्टिफिक नावात दोन गोष्टी असतात, एक म्हणजे हे कोणतं झुडूप, ते लिनियसच्या वेळेपासून पक्कं आहे. दुसरी म्हणजे याचे नातेवाईक कोण, ते मत आहे, पुरावा आला की बदलतं. पहिला शब्द मत सांगतो, दुसरा ओळख. सेन्नाच्या बाबतीत डीएनएने दुजोरा दिलाय, त्यामुळे मला तरी लवकर हलेल असं वाटत नाही. पाठ करायचंच असेल तर ऑरिक्युलाटा करा.

२१. पिवळं फूल आहे, पण वरचं काहीच जुळत नाही. मग काय असेल?

शेंगा लांब बारीक पण फूल घंटेसारखं एकसंध, पाकळ्या सुट्या नाहीत, तर ती टिकोमा, शेंगवर्गीयच नाही. पान अरुंद, साधं, तोडल्यावर पांढरा चीक, फळ हिरवं त्रिकोणी, तर पिवळी कण्हेर, आणि ती चांगलीच विषारी आहे, चहाबिहा काही करू नका, हात धुवा. मोठं झाड, पानं बारीक पिसांसारखी, शेंग ढालीसारखी चपटी तांबडी, तर पीतमोहर. झुडूप, काटे, आणि पुंकेसर फुलाबाहेर लांब दोऱ्यांसारखे आलेले, तर पिवळा शंकासूर.

यातलंही नसेल तर तीन फोटो पाठवा, अख्खं झुडूप, पान फांदीला चिकटतं ती जागा, आणि शेंग असेल तर शेंग. फुलाचा नको, तो मी बघितलाय.